गाडीवरची पाण्याची रेघ

१

"चिखल खालून वर लावायचा, बाळ. वरून खाली लावलास की तो चिखल राहत नाही, नुसता रंग होतो."

मिस्त्रीकाकांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. शेवटच्या आजारात त्यांचे हात कापायचे, म्हणून कुंचला माझ्या हातात असायचा आणि नजर त्यांची. खिडकीपाशी टेबल, टेबलावर जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर तळहाताएवढी चिलखती गाडी. काकांनी उमेदीची सगळी वर्षं सैन्याच्या कारखान्यात गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्याच गाड्या ते इवल्या करून बांधायला लागले. डब्यातून येणारे प्लास्टिकचे भाग त्यांना कधी पुरले नाहीत. पायरीची कांबी तांब्याच्या तारेची, ताडपत्री चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची, आणि बाजूच्या हत्यारांच्या कप्प्यात, चाकामागे लावतात तसे दोन लाकडी ठोकळे. तेही काडेपेटीच्या काडीतून कोरलेले. गाडी थांबली की सहचालकानं उतरून लावायचे असतात ते.

या गाडीवरची एक गोष्ट मात्र त्यांनी मला करू दिली नाही. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात घट्ट धरून त्यांनी स्वतः गाडीभोवती एक फिकट रेघ काढली. चालकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या जरा खाली, चारी बाजूंनी एका पातळीत. रेघेखाली गाळ, रेघेवर कोरडा हिरवा रंग.

"पाणी उतरतं, पण रेघ ठेवून जातं," काका म्हणाले. "मी ही गाडी नदीतून ओढून काढली तेव्हा रेघ इथं होती. साक्ष मी कागदावर खोटी दिली. इथं खरी देतो."

गाडी माझ्या दादाची होती. म्हणजे सरकारची, पण चालवायचा दादा आणि मेलाही तिच्यातच. कागदावर असं लिहिलंय की त्यानं वळणावर बेफाम वेगानं गाडी घातली आणि ती उलटली. शवपेटी घरी आली ती 'उघडायची नाही' असा हुकूम घेऊनच. आमच्या गावातल्या माजी सैनिकांच्या सभागृहात, भिंतीवरच्या फळ्यावर, कामगिरीवर गेलेल्यांची नावं आहेत. स्वतःच्या चुकीनं मेलेल्याचं नाव तिथं लागत नाही. दादाचं नाही.

काका गेले. जाताना त्यांनी ती गाडी सभागृहाला दिली आणि अट घातली: अनावरण दादाच्या आईनं करायचं. जुन्या मंडळींनी ती मानली. समारंभात माझी आई पडदा ओढणार होती, आणि त्यानंतर मी चार शब्द बोलणार होते. ती रेघ दाखवून.

समारंभाच्या आदल्या सकाळी चिटणिसांनी सभागृहाचं कुलूप काढलं. मी पडदा बाजूला केला, काचेची पेटी उघडली.

गाडी स्वच्छ होती. गाळ नाही, डाग नाही, रेघ नाही. नुकतीच धुऊन आणल्यासारखी हिरवीगार गाडी फळीवर उभी होती.

रोज सकाळी दिवा लावताना मी नेम घेते, की आजच्या दिवसात आवाज चढवणार नाही. त्या सकाळी तो नेम पाळणं मला जड गेलं.

२

"मी हातसुद्धा लावलेला नाही हो ताई!" चिटणीस दोन पावलं मागे सरकले. नोकरीत ते भांडारात होते. अजूनही खुर्ची मोजल्याशिवाय तिच्यावर बसत नाहीत. "किल्ली माझ्या कमरेला. आंघोळीलासुद्धा काढत नाही. बायको म्हणते, सरणावरही घेऊन जाल."

"मग गाडी आपली आपण अंघोळ करून आली का?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. माझा आवाज जितका खाली जातो तितकी माणसं घाबरतात, असं आई म्हणते.

"काल संध्याकाळी तिघं आले होते," ते म्हणाले. "आपले अध्यक्षसाहेब, भाषणाची तालीम करायला. कोपऱ्यावरचा रंगवाला, काच बसवायला. आणि आपला जोडीदार, तुमच्या दादाचा सहचालक, खुर्च्या मांडायला. मी पुढच्या खोलीत निमंत्रणं लिहीत बसलो होतो. प्रत्येक जण बराच वेळ एकटा होता. आता माजी सैनिकांच्या सभागृहात मी माजी सैनिकांवर पहारा ठेवू का?"

मी पेटीत वाकून पाहिलं. टर्पेंटाइनचा वास होता. फळीच्या कडेला कापसाचा एक बारीक तंतू चिकटला होता, टोकाला मातकट. गाडी जागची हललेली; कप्प्यातल्या दोन ठोकळ्यांपैकी एक बाहेर पडून मागच्या चाकाशी आला होता. मी तो चिमट्यानं उचलून परत कप्प्यात ठेवला.

"आता काय हो?" चिटणीस रडवेले झाले. "आई उद्या येणार. तुम्ही रंग आणा की. दुपारपर्यंत पुन्हा लावून टाका."

"गाळ मी लावीन. तो माझ्याच हातचा होता. रेघ कशी काढू? ती काकांची साक्ष होती. मी काढली तर ते माझं चित्र होईल."

"कळणार कोणाला?"

"मला," मी म्हटलं. "आणि ज्यानं पुसली त्याला."

३

रंगवाल्याचं दुकान कोपऱ्यावर आहे. विमानं, जहाजं, रणगाडे, डबे छतापर्यंत. काकांचं त्याच्याशी रोज भांडण आणि रोज चहा. त्याला गाड्या नव्या कोऱ्या आवडतात. काकांनी गाळ फासलेला त्यानं पाहिला तेव्हा तो आठवडाभर बोलला नव्हता.

"खरं सांगू?" भिंगातून वर न बघता तो म्हणाला. "पुसलेली ऐकून मला आधी बरंच वाटलं. एवढं सुंदर काम, आणि त्यावर म्हाताऱ्यानं शेण लिंपलं होतं."

"म्हणजे तुम्ही पुसलीत."

त्यानं भिंग काढलं. "ताई, मी पुसली असती तर म्हाताऱ्यानं वरून येऊन माझं दुकान पेटवलं असतं. आणि मी पुसली असती तर वर वार्निशही मारलं असतं, तसं उघडं ठेवलं नसतं. पण कशानं पुसली?"

"टर्पेंटाइन."

"बघ." त्यानं दोन बाटल्या पुढे ठेवल्या. "खालचा हिरवा रंग पाण्यात मिसळणारा. वरचा गाळ तेलरंगाचा. नुसत्या पाण्यानं पुसलं तर गाळ ढिम्म हलत नाही. कडक थिनर लावलं तर हिरवा रंग जातो, प्लास्टिकसुद्धा वितळतं. टर्पेंटाइननं मात्र वरचं तेवढं निघतं, तेही सावकाश, कापूस फिरवत. घाईचं काम नाही ते. काका काय वापरतात हे ज्याला ठाऊक, त्याचंच काम."

"कोणाला ठाऊक होतं?"

"मला. तुला." तो थबकला. "आणि काकांच्या खोलीत जो जो चहा प्यायला त्याला. म्हातारा बोलायला लागला की थांबत होता का?"

परत आले तेव्हा जोडीदार खुर्च्यांची ढकलगाडी घेऊन सभागृहात शिरत होता. दादाचा सहचालक. दादा त्याला जोडीदार म्हणायचा, म्हणून सगळं गाव तेच म्हणतं. मी भाऊ म्हणते. त्या दिवशी गाडीत दोघं होते आणि एक परत आला. तेव्हापासून तो आमच्या घरी येत राहिला; आईचं औषध आणणारा, नळ दुरुस्त करणारा, माझ्या लग्नात दादाच्या जागी उभा राहिलेला.

त्यानं ढकलगाडी भिंतीशी लावली, तिच्या चाकाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि मग माझ्याकडे वळला.

"कळलं मला," तो म्हणाला. "जाऊ दे गं. छान दिसतेय गाडी. आईंनाही बघायला बरं वाटेल."

"बरं वाटेल? भाऊ, दादाचं नाव लागायची एवढी एकच वाट होती."

"नाव लागून तो परत येणारे का?" तो खुर्च्या उतरवायला लागला. "आणि तुला एवढंच शोधायचं असेल तर साहेबांना विचार. नदीत घालायचा हुकूम कोणाचा होता? रेघेची भीती कोणाला?"

काका सोडून दुसऱ्या कोणाच्या तोंडून नदी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

४

साहेब सभागृहाचे अध्यक्ष. दादा गेला त्या दिवशी ताफ्याचे प्रमुख तेच होते. त्यांच्या गच्चीत कुंड्यांच्या रांगा आहेत, परेडला उभ्या केल्यासारख्या. ते कात्रीनं फांद्या छाटत होते आणि मी आले तरी छाटत राहिले.

"रेघ?" ते म्हणाले. "बाई, खेळण्यावरची माती पुसली गेली त्यात एवढं काय? मोलकरणीनं झटकली असेल."

"सभागृहात मोलकरीण नाही, साहेब. झाडू चिटणीसच मारतात."

"गाडी वळणावर उलटली. कागदावर आहे."

"कागदावर तीन सह्या आहेत. तुमची, मिस्त्रीकाकांची आणि जोडीदाराची. काकांनी मरायच्या आधी स्वतःची सही परत घेतली. रेघ काढून."

"मिस्त्री म्हातारपणी हळवा झाला होता."

"नदीला पूर होता, काकांनी सांगितलंय मला. माणसं पाणी उतरेपर्यंत थांबू म्हणत होती. तुम्ही म्हणालात, घाला."

कात्री थांबली. "आम्हाला संध्याकाळच्या आत पलीकडे पोचायचं होतं. पुढं लोक अडकले होते. तुम्हाला देवापुढे बसून हे कळायचं नाही."

 मला ओरडायचं होतं. मी पदराचं टोक मुठीत आवळलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"मला एवढंच कळतं की चूक तुमची झाली असेल, घाई खरी असेल, पण दोष माझ्या भावाच्या अंगावर टाकताना तुम्हाला अजिबात घाई नव्हती. नीट, शांतपणे, टाइप करून टाकलात."

ते माझ्याकडे वळले. चेहरा लाल.

"ऐका. मला रेघेची भीती असती तर मी ती गाडी सभागृहात येऊच दिली नसती. अध्यक्ष मी आहे. एका वाक्यात नाकारली असती. नाहीतर उचलून घरी नेली असती. टेबलाशी बसून खेळणं पुसत बसणारा माणूस वाटतो मी तुम्हाला?"

नाही. नव्हते वाटत. तेच तर मला जास्त चिडवत होतं.

"ज्यानं पुसली त्याचे आभार माना," ते मागून म्हणाले. "आणि आता तुम्ही पुन्हा रंगवलीत, तर मी सांगेन सगळ्यांना, ही बाईंची चित्रकला आहे. मिस्त्रीची साक्ष संपली."

मी जिना उतरत होते. एवढं खरं होतं, की त्यांना ते आवडलं होतं. पण केलं त्यांनी नव्हतं. मग ज्याला साहेबांची भीती नाही, रंगाची हौस नाही, अशा माणसाला ती रेघ का सलली?

५

सभागृह रिकामं होतं. मी विजेरी घेतली आणि गाडीपुढे बसले.

काकांनी दोन झाकणांपैकी चालकाचं बंद ठेवलं होतं, सहचालकाचं उघडं. ते माणिकाच्या खड्याएवढं भोक. मी त्यातून उजेड आत टाकला. आत दोन आसनं, सुकाणू, गिअरचा दांडा. आतल्या गाळाचं काम मीच केलं होतं, सुईसारख्या कुंचल्यानं. मी म्हटलंही होतं, काका, हे बाहेरून कोणाला दिसणारे? ते म्हणाले, त्याला दिसत होतं ना.

सहचालकाच्या आसनावर गाळ तसाच होता. भिंतींवर होता. फरशीवर होता.

चालकाचं आसन मात्र पुसलेलं होतं. दादाचं. स्वच्छ, कोरडं.

मी विजेरी विझवली आणि तशीच बसून राहिले.  मग राग आला, असा राग, जो आयुष्यात एकदाच येत असावा.

ज्याला नदी लपवायची आहे तो बाहेरची रेघ पुसेल. काचेपलीकडच्या माणसाला आतलं आसन दिसत नाही. ते पुसायला त्या भोकातून कापूस तिरका घालून, श्वास रोखून, कितीतरी वेळ बसावं लागतं. ते काम लोकांसाठी केलेलं नव्हतं. त्या आसनावरच्या माणसासाठी केलं होतं.

मी चौघांनाही दुपारी बोलावून घेतलं. साहेब आले, कारण न येणं त्यांना भित्रेपणाचं वाटलं असतं.

"पुसणाऱ्यानं गाडी हातात धरली होती," मी म्हटलं. "रंग कुठे घासलाय, पकड कशी होती, ते मला बघायचंय. प्रत्येकानं गाडी पेटीतून काढून या टेबलावर ठेवायची. एवढंच."

"आता बोटांचे ठसेही घ्या," साहेब म्हणाले.

रंगवाल्यानं गाडी खालून दोन बोटांत धरली, रंगाला स्पर्श होऊ न देता. ठेवली, आणि लगेच खाली वाकून चाकं सरळ आहेत का बघितलं. चिटणिसांनी काठोकाठ भरलेला कप न्यावा तशी नेली. साहेबांनी वरून मुठीत उचलली आणि तोंड स्वतःकडे करून ठेवली. प्रत्येकानंतर मी ती पुन्हा पेटीत नेऊन ठेवत होते.

शेवटी जोडीदार. त्यानं दोन्ही हातांनी उचलली, अलगद टेकवली.

"झालं? आता खुर्च्या राहिल्यात माझ्या," तो म्हणाला. आणि हे म्हणता म्हणता, माझ्याकडे बघता बघता, त्याच्या नखानं कप्प्यातला इवला ठोकळा बाहेर काढला, स्वतःच्या बाजूच्या मागच्या चाकाशी लावला आणि नखानंच एक टिचकी देऊन घट्ट केला.



"टेबल सपाट आहे, भाऊ," मी म्हटलं. "गाडी कुठे जाणार होती?"

त्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं.

६

"सकाळीही तिथंच होता हा ठोकळा," मी म्हटलं. "मला वाटलं, पडला. गाडी धुऊन जागेवर लावली की चाकाला ठोकळा. तुम्ही खुर्च्यांच्या ढकलगाडीलाही लावता. साहेबांनी आयुष्यात कधी लावला नसेल, त्यांच्यासाठी दुसरे लावायचे. चिटणिसांना तो ठोकळा आहे हेच ठाऊक नाही. रंगवाल्यांनी लावला असता तर गोंदानं चिकटवला असता. आणि तुम्ही काकांकडे टर्पेंटाइनच्या बाटल्या पोचवत होतात. भाऊ, दादाचं आसन का पुसलंत?"

तो खुर्चीवर बसला. इतकी वर्षं मी त्याला आमच्या घरात कधी न विचारता बसलेलं पाहिलं नव्हतं.

"उद्या आई समोर उभ्या राहणार होत्या," तो म्हणाला. "अगदी समोर. त्यांची नजर अजून सुईत दोरा ओवते. त्यांनी विचारलं असतं, ही रेघ कसली? आणि तू सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"पेटी घरी आणली तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं होतं. त्याला त्रास झाला का? एवढंच. मी म्हटलं, नाही आई, वळणावर एका क्षणात झालं, त्याला कळलंसुद्धा नाही." त्यानं हात मांडीवर पालथे ठेवले. "त्यानंतर त्या जेवल्या. माझ्यादेखत. दोन घास, पण जेवल्या."

"आणि खरं काय होतं?"

"पुरे झालं," साहेब म्हणाले.

"खरं काय होतं, भाऊ?"

"झाकण अडकलं होतं. गाडी कलली, प्रवाहातला ओंडका येऊन त्याच्या झाकणावर बसला. मी माझ्या बाजूनं निघालो, माझ्यामागून पाणी आत शिरलं. मी वर उभा राहून पान्यानं ठोकत होतो. तो आतून ठोकत होता." तो थांबला. "मग मी एकटाच ठोकत होतो."

चिटणिसांनी तोंड फिरवलं.  माझ्या दुःखापेक्षा राग वर होता. तो मी गिळणार नव्हते.

"आईला तुम्ही झोप दिलीत, असं वाटतं ना तुम्हाला?" मी म्हटलं. आवाज चढला नाही, पण तो माझा मलाच ओळखू येईना. "बाजारात तिला लोक म्हणतात, पोरं वेगाला भुलतात हो आजी. दरवेळी ती म्हणते, माझा मुलगा सावकाश चालवायचा. आणि लोक मान डोलावतात, वेड्यापुढे डोलावतात तशी. तुम्ही तिथं चहा पीत बसला होतात, भाऊ. तुम्हीही मान डोलावलीत. तिला आपल्या मुलाबद्दल खरं ठाऊक होतं, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला खोटं पाडलंत. साहेबांनी भीतीपोटी, तुम्ही मायेपोटी. तुमच्या मायेचा आणि यांच्या भीतीचा हिशेब एकच निघतो: दादा दोषी."

"ताई..."

"आसन पुसून कोरडं होत नाही, भाऊ!"

तेवढं एक वाक्य मोठ्यानं आलं. भिंतीवर आपटून परत आलं. नेम मोडला. देवाची माफी मी मग मागणार होते, आत्ता नाही.

साहेब उठले. "उद्या या सभागृहात असलं काही बोललं गेलं, तर मी..."

जोडीदार उभा राहिला. सवयीनं पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या, हात बाजूला गेले. मग त्यानं ते हात मुद्दाम सैल सोडले.

"साहेब," तो म्हणाला, "बसा."

साहेब बसले नाहीत.  वाक्य अर्धवट टाकून ते निघून गेले.

"ते उद्या म्हणतील, बाईंची चित्रकला," मी म्हटलं. "मी गाळ लावीन, पण रेघ काढणार नाही. ती साक्षीदारानंच काढायची असते. काका गेले. आता तुम्हीच राहिलात."

रंगवाल्यानं न सांगताच पिशवीतून रंग काढला, कागदावर थेंबभर टाकला, टर्पेंटाइननं पातळ केला आणि कुंचला जोडीदारापुढे धरला.  त्यानंही काकांसारखंच मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलं.

पण कुंचला काकांच्या रेघेच्या जागी टेकला नाही. वर गेला. बंद झाकणाच्याही वर.

"मिस्त्री आला तोवर पाणी उतरलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा इथवर होतं."

रेघ वाकडी आली. काही ठिकाणी तुटली. रंगवाला, ज्याला केसाएवढी चूक सहन होत नाही, तो हाताची घडी घालून बघत राहिला. चारी बाजू पूर्ण झाल्या तेव्हा जोडीदारानं कुंचला नीट पुसून आडवा ठेवला.

"उद्या सगळ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला. "फळ्यापुढे उभं राहून. सही खोटी होती, तेही. पण आईंना त्याआधी कळायला हवं. लोकांच्या गर्दीत नको. माझ्या तोंडून."

"कधी?"

"आज. आत्ता."

"मी येते."

"नको. तू असलीस की त्या तुझ्याकडे बघतील. मला त्यांनी माझ्याकडे बघायला हवंय." तो जरा थांबला. "शब्द देतो. चुकवणार नाही."

त्या शब्दावर मी विश्वास ठेवला की नाही, मला सांगता येणार नाही. माझा राग अजून तिथंच होता, आहे. पण मी वाट सोडून बाजूला झाले.

त्यानं कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले. नखातला रंग निघाला नाही, तो तसाच ठेवला. दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"अजून डाव्याच कानानं ऐकू येतं ना त्यांना?"

"डाव्याच," मी म्हटलं. "तेही मोठ्यानं बोललं तरच."

"म्हणजे शेजारीही ऐकतील."

"हो."

त्यानं मान हलवली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि पायऱ्या उतरून आमच्या घराच्या दिशेनं चालायला लागला.